पाइल कॅप १४ : अठ्ठावीस दिवस आणि थोडे वर

६ जानेवारी २०२५, सोमवार

पी-१४ ची, म्हणजे उड्डाणपुलाच्या चौदाव्या खांबाखालच्या पाइल कॅपची, सळई आज तपासून झाली. दोन ठिकाणी कव्हर ब्लॉक (सळईला साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) निसटले होते, ते बसवून घेतले. पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, डोकी पुन्हा एकदा पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायला लावली. बुधवारी काँक्रीट.

साइटचा रोजचा रिपोर्ट वेगळा असतो, ही वही माझी. सवय आजोबांची. ते इंदुरातल्या कापडगिरणीत होते आणि आपली हजेरी रोज घरच्या वहीत लिहायचे. मोठ्या ठिकाणी तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर देणी मागताना तीच वही कामाला आली. मी ज्या कंपनीत आहे ती गिरणीपेक्षा कितीतरी मोठी. देशभर पूल बांधते, नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ही वही मी इतरांपुढे ठेवते आहे, म्हणून कंपनीचं आणि कामाचंही नाव गाळलं आहे. शहराच्या बाहेरच्या अंगाला उड्डाणपूल चालू आहे, एवढं पुरे. मी क्वालिटीत, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या खात्यात, नववं वर्ष.

दुपारी साप्ताहिक मीटिंग. पडद्यावर एस-कर्व्ह, कामाच्या प्रगतीचा आलेख. ठरलेली रेघ वर, आमची खाली. पी-१३ च्या जागी नर्मदेच्या पाण्याची लाइन निघाली, ती हलेपर्यंत तिथे खोदता येत नाही, आणि डिसेंबर सगळा पाइलची डोकी फोडण्यात गेला. म्हणजे थंडीतलं पहिलं मोठं काँक्रीट पी-१४ च. क्रेन मात्र आली. आठवड्यापूर्वी मागितली आणि दुसऱ्या राज्यातल्या साइटवरून चार ट्रेलरवर उभी राहिली. मोठ्या कंपनीत काम करण्याचा हा अनुभव मला अजूनही भारावून टाकतो. एक फोन, आणि लोखंड हलतं.

मिनिट्समध्ये सतरावा मुद्दा: ‘क्युरिंग टँकसाठी हीटर व थर्मोस्टॅट, इंडेंट प्रलंबित’. क्युरिंग टँक म्हणजे काँक्रीटचे नमुने पाण्यात ठेवायची टाकी. इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, माझा, ११ नोव्हेंबरचा. पर्चेसकडून तीन वेळा परत आला. आधी विचारलं कॅपिटल की कन्झ्युमेबल, मग तीन कोटेशनं मागितली, मग कॉस्ट कोड बदलायला सांगितला. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं आणि विसरले.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी चारला पहिला ट्रान्झिट मिक्सर आला, रात्री पावणेदोनला बाविसावा. १३२ घनमीटर, एम-३५, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन ताकद हवी असं काँक्रीट.

पाइल कॅप म्हणजे जमिनीखाली जाणारा काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. खाली पाइल खडकात रुतलेले, वर पिअर, म्हणजे पुलाचा खांब, उभा राहणार. इंदूरची वरची माती काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पूल टेकवता येत नाही. खाली मात्र दख्खनचा बेसाल्ट आहे, तिथपर्यंत जावं लागतं. लोकांना पूल दिसतो तो वरचा. आमचं अर्धं काम मातीआड जातं, आणि मातीआड गेलेल्याचा पुरावा म्हणून फक्त कागद आणि क्यूब उरतात.

क्यूब म्हणजे १५० मिलिमीटरचा ठोकळा. जे काँक्रीट कॅपमध्ये जातं त्यातलंच साच्यात भरायचं, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचं, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली फोडायचं. आयएस ४५६ च्या कोष्टकाप्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार नमुने, पुढच्या प्रत्येक ५० ला एक. आमचे सहा नमुने झाले. सात दिवसांसाठी तीन आणि अठ्ठावीस दिवसांसाठी तीन असे प्रत्येकी सहा क्यूब, एकूण ३६.

ते लॅबच्या मुलानं एकट्यानं भरले. पांढुर्ण्याचा आहे, बावीस वर्षांचा. तिकडची मराठी बोलतो, त्यामुळे साइटवर आम्हा दोघांची एक वेगळी भाषा असते. चारचौघांत मी मॅडम, एरवी ताई. कंपनीच्या पटावर तो नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पटावर आहे. हेल्मेट कंपनीचं, पगार दुसऱ्याचा.

स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप, सगळ्या गाड्यांचा १३० ते १५० मिलिमीटरमध्ये. काँक्रीटचं तापमान २१. ओतणारी गँग बंगालातल्या मालद्याकडची. त्यांचे मिस्त्री काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा आवाज ऐकून सांगतात की सुई सळईला लागली. रात्री दहानंतर वारा सुटला. मी दोन स्वेटर घालूनही कुडकुडत होते, आणि ती माणसं घोट्यापर्यंत काँक्रीटमध्ये उभी.

ओतून झाल्यावर कॅपवर प्लास्टिक, त्यावर थर्मोकोलचे पत्रे, वर ताडपत्री. जाड काँक्रीटला आतून उष्णता सुटते. वरचा भाग लवकर थंड झाला तर तडे जातात, म्हणून पांघरूण. क्यूबचे साचे काँक्रीट बनवणाऱ्या प्लँटच्या मागे ओळीनं ठेवले, वर ओलं बारदान. घरी पोचले तेव्हा साडेतीन.

९ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी साचे उघडले. एका क्यूबचा कोपरा हातात आला. नखानं ओरखडा उठत होता. थंडीमुळे असेल, मी म्हणाले, आणि टँकमध्ये टाकायला लावले.

११ जानेवारी, शनिवार

कॅपच्या पोटात बसवलेल्या थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, रीडिंग: मध्ये ५७, पृष्ठभागाजवळ ४१. फरक १६, आमची मर्यादा २०. पांघरूण नीट काम करतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळच्या टूलबॉक्स टॉकनंतर (कामाआधीच्या सुरक्षेच्या सूचनांनंतर) आईनं दिलेले तिळाचे लाडू वाटले. मालद्याच्या मिस्त्रींनी त्यांच्याकडे या दिवशी पिठे (तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ) करतात ते सांगितलं, कसे करतात तेही. संध्याकाळी राजेंद्रनगरात हळदीकुंकवाला दोन घरी जाऊन आले. येताना गरम गराडू (तळलेला कंद) घेतलं.

१५ जानेवारी, बुधवार

सात दिवसांचे क्यूब.

पहिला क्यूब मशीनखाली ठेवला. सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन या वेगानं भार चढतो. आमच्या मिक्सला सातव्या दिवशी साडेपाचशेच्या पुढे जायची सवय आहे, म्हणजे चौरस मिलिमीटरला पंचवीसएक न्यूटन. काटा ३९२ वर थांबला आणि मागे आला. भागून १७.४. मला वाटलं क्यूब तिरका बसला असेल. दुसरा १६.९. तिसरा १८.१. अठराही फोडले. सहा नमुन्यांची सरासरी १७.६.

लॅबचा मुलगा काही बोलेना. फुटलेले तुकडे उचलून ओळीत लावत राहिला.

अर्ध्या तासात सगळ्या साइटला कळलं. मोठ्या कंपनीत वाईट आकडा फार लवकर चढतो. बॅचिंग प्लँट म्हणे सिमेंट बघा, स्टोअर म्हणे सिमेंटचं टेस्ट सर्टिफिकेट बरोबर आहे, प्लॅनिंगनं फक्त विचारलं की पिअरची तारीख तीच धरू ना. प्रत्येक खात्याला आपली बाजू निस्तरायची घाई. कॅपचा विचार करायला मीच उरले, असं वाटलं.

एक्झिक्युशनमधले एक ज्येष्ठ साहेब लॅबमध्ये आले, दार लोटून घेतलं. “मॅडम, पी-बारा के क्यूब रखे हैं ना बचे हुए? वही लगा दो. अट्ठाईस दिन में तो पकड़ ही लेगा.” वाईट माणूस नाही. मला पहिल्या वर्षी ड्रॉइंग वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यावर तारखेचं ओझं आहे आणि त्यांचा काँक्रीटवर विश्वासही आहे. मी नाही म्हटलं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यांनी परत विषय काढला नाही, हेही लिहून ठेवते.

पाचच्या आत मीच आकडे मेलवर टाकले. पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर), कन्सल्टंट, हेड ऑफिस. पी-१४ वर पुढचं काम थांबवावं, असं शेवटच्या ओळीत.

१६ जानेवारी, गुरुवार

कालची नोंद लिहिताना मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. आज तसं राहिलं नाही.

सकाळी कारण शोधायला बसले. सिमेंट तेच, खडी तीच, पाण्याचं माप बरोबर, बॅच स्लिपा एकेक पाहिल्या. मग टँकपाशी गेले आणि हात पाण्यात घातला. बोटं बधिर झाली. थर्मामीटर: १३ अंश. नियम २७ चा, दोन अंश इकडेतिकडे.

त्याच मिनिटाला बरंचसं उलगडलं. काँक्रीट वाळून कडक होत नाही, सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होते म्हणून होतं. थंडीत ती क्रिया मंदावते. आमच्या मिक्समध्ये फ्लाय अ‍ॅश (दगडी कोळशाची राख), ती आधीच सावकाश चालणारी. क्यूब पहिली रात्र उघड्यावर होते, आणि त्यांच्यावर ओलं बारदान. वाऱ्यात ओलं कापड आणखी थंड पडतं, माठ जसा गार होतो तसं. नंतर सहा दिवस तेरा अंशांच्या पाण्यात. तिकडे कॅपच्या पोटात ५७. त्याच गाडीतलं काँक्रीट, एक भाग पांघरुणात आणि दुसरा कुडकुडत. आम्ही कुडकुडणाऱ्याला विचारत होतो की तुझ्यात ताकद किती.

मग टँकचं रजिस्टर उघडलं.

‘पाण्याचे तापमान’ या रकान्यात डिसेंबरभर, जानेवारीतही, रोज २७. सकाळी २७, संध्याकाळी २७. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

मुलाला विचारलं, आवाज न चढवता. तो म्हणाला, “आधीच्यानं तसंच लिहिलं होतं ताई. मले वाटलं तिथं सत्तावीसच लिहाचं असते.”

त्याला थर्मामीटर कुणी दिलाच नव्हता. टँकचा थर्मामीटर माझ्या ड्रॉवरमध्ये, डबीत होता, कारण कॅलिब्रेशनची (अचूकता तपासून घेण्याची) तारीख जवळ आली म्हणून ऑक्टोबरात मी तो काढून ठेवला होता. काल मी आकडा बदलायला नाही म्हटलं. त्याआधी महिनाभर एका न मोजलेल्या आकड्याखाली सही करत होते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, कुणी दार लोटून घेतलं नव्हतं. चाळीस कागदांवर रोज सही करायची, त्यातलाच एक.

दुपारी सियागंजात गेले. पाण्यात सोडायचे दोन हीटर, थर्मोस्टॅट, २,८५० रुपये, खिशातले. परत आले तर सेफ्टी ऑफिसरनी गेटवरच अडवलं. पाण्याच्या टाकीत उघडी वायर, अर्थिंग नाही, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नाही, आणि त्यात मुलगा हात घालणार. मी चिडले. ते चिडले नाहीत, फक्त नाही म्हणाले. घरी येईपर्यंत मला पटलं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

इलेक्ट्रिशियननं वेगळं पॅनेल करून दिलं. रात्री आठला टँक २६. थर्मामीटर टँकच्या कडेला दोरीनं बांधला.

२० जानेवारी, सोमवार

लॅबच्या मुलाला कारणे दाखवा नोटीस. ‘रेकॉर्डमध्ये चुकीची नोंद.’ ठेकेदाराच्या ऑफिसमार्फत, तीन दिवसांत उत्तर. त्यानं ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि दिवसभर खिशावर हात ठेवून फिरत होता. घरी पैसे पाठवतो, बहिणीचं लग्न वैशाखात.

मोठ्या कंपनीची एक गोष्ट नऊ वर्षांत मला नीट उमगली आहे आणि ती मनापासून खटकते. इथे चूक झाली की ती खाली घरंगळत जाते, जिथे तिला अडवायला कागद नसतो तिथपर्यंत. इंडेंट तीन वेळा परत करणाऱ्याकडे कारण आहे, ते सिस्टीममध्ये नोंदलेलं आहे. माझ्याकडे इंडेंटचा नंबर आहे. मुलाकडे फक्त त्याचं अक्षर.

रात्री मी माझं उत्तर लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. इंडेंट ११ नोव्हेंबरचा, पाठपुरावा केला नाही. थर्मामीटर माझ्याकडे होता. मुलाला रजिस्टर भरायचं शिकवलं गेलं नाही, ते काम माझं. पडताळणीची सही माझी. चार ओळी. बाबांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, “इन्क्रिमेंट जाईल.” मग म्हणाले, “पाठव.”

२३ जानेवारी, गुरुवार

कन्सल्टंटची बैठक. सांगितलेलं कारण त्यांना पटण्याजोगं वाटलं, पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. कॅप आतून गरम होती म्हणून पक्की झाली असेल, हा माझा तर्क. त्यावर पिअर चढवता येत नाही. २८ दिवसांच्या निकालापर्यंत थांबायचं.

थांबण्याची किंमत कोण देतं ते आज पाहिलं. पिअरची शटरिंग गँग, म्हणजे काँक्रीटचे साचे लावणारी, अकरा माणसं, चौरस मीटरवर पैसे. काम नाही तर पैसे नाहीत. आमचा पगार महिनाअखेरीला येणारच. पीएम साहेबांनी संध्याकाळपर्यंत त्यांना पी-१६ वर लावलं, रात्री उशिरापर्यंत फोन करून प्लेट हलवून घेतल्या. हे त्यांच्या एस-कर्व्हमध्ये कुठे दिसणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. मग अर्धा दिवस काम. टँक २६.८.

५ फेब्रुवारी, बुधवार

अठ्ठावीस दिवस.

आज लॅबमध्ये गर्दी. कन्सल्टंटचा माणूस, प्लँटचा माणूस, पीएम साहेब दारात. मशीन मुलानं चालवलं. मी मुद्दाम त्यालाच सांगितलं. सहा नमुने: ३६.२, ३७.४, ३५.६, ३६.९, ३७.८, ३६.१.

कुणीतरी “हो गया” म्हणालं. सगळे ३५ च्या वर, म्हणजे पास, असं वाटतं. तसं नाही. आयएस ४५६ ला एकेक नमुना नुसता पुरत नाही. लागोपाठच्या चार नमुन्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीपेक्षा निदान ३ ने वर हवी, म्हणजे ३८. पहिल्या चारांची येते ३६.५. नियम असा का, हे मी नवीन मुलांना नेहमी सांगते. क्यूब हा नमुना आहे. नमुने काठावर असतील तर न पाहिलेल्या काँक्रीटमध्ये काठाच्या खालचंही असणार.

शेवटचे एकोणीस दिवस पाणी गरम होतं म्हणून एवढे तरी भरले. पहिला आठवडा पूर्ण भरून निघाला नाही. कन्सल्टंटनी कोअर, म्हणजे कॅपमधूनच कापून काढलेले नमुने, मागितले. मी आधीच तयारी करून ठेवली होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कोअर कटिंग. पाणी सोडत हिऱ्याच्या दातांचा पोकळ ड्रिल फिरतो आणि काँक्रीटची दंडगोल कांडी बाहेर येते. जागा आधी सळई शोधून आखल्या होत्या. तीन कांड्या. पहिली बाहेर आली तेव्हा मालद्याचे मिस्त्री गुडघ्यावर बसून ती बघत होते. काळ्या खडीचे तुकडे एकमेकांत घट्ट, कुठे पोकळी नाही. त्यांनी बोटानं खालून वर पुसलं आणि म्हणाले, “ये तो बढ़िया बैठा है.” त्यांच्या हातचं काम त्यांना परत बघायला मिळतं असं फार क्वचित होतं.

कांड्या शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिल्या, आमच्या मशीनवर नको म्हणून. भोकं नॉन-श्रिंक ग्राउटनं भरली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोअरचा निकाल, क्यूबच्या हिशेबात बदलून: ४१.२, ३९.६, ४२.३. सरासरी ४१. नियम असा की सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. इथे तर पूर्ण ३५ च्याही वर.

कॅप पक्की आहे. मेल वाचून मी बाहेर गेले आणि प्लँटच्या मागे थोडा वेळ उभी राहिले. रडू आलं. अठ्ठावीस दिवस नाही, पस्तीस झाले होते.

संध्याकाळी होल्ड उठला. मुलाच्या नोटिशीचं काय, हे एचआरला विचारलं. ठेकेदाराला ‘समज देऊन प्रकरण बंद’ असं कळवलंय म्हणे, पण कागद फाइलमधून निघणार नाही. माझं पत्रही माझ्या फाइलमध्ये लागलं. मी पुन्हा लिहिलं आहे की मुलाचा कागद काढावा. उत्तर आलं नाही, सोमवारी परत लिहीन.

माझा नोव्हेंबरचा इंडेंट काल मंजूर झाला. क्यूबसाठी बंद शेड आणि त्यात हीटरही मागितला होता, तोही. तो पुढच्या थंडीला लागेलच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पी-१४, पिअरची पहिली लिफ्ट, म्हणजे उंचीचा पहिला टप्पा. सकाळी सहाला सुरू, साडेदहाला संपली. २८ घनमीटर, तीन नमुने, १८ क्यूब. शटरिंग गँग तीच, पी-१६ वरून परत आली.

साचे या वेळी लॅबच्या आत, दार बंद, वर कोरडी घोंगडी, तिच्याखाली ओलं बारदान. खोलीचं तापमान मुलानं दर दोन तासांनी लिहिलं: २४, २५, २५.५, २६. दुपारी रजिस्टर सहीसाठी आणलं. मी त्याच्याबरोबर टँकपाशी गेले, दोरी ओढून थर्मामीटर वर काढला. २६.४. त्यानं लिहिलं होतं २६.५. मी विचारलं, तर म्हणाला, “मी पाहिलं तवा साडेसव्वीसच होतं ताई, तुम्ही उशिरा आल्या.”

सही केली.